नळाचा उजेड

मास्तरांनी बायकोचा हात सोडला तो स्थितिज ऊर्जा समजावून सांगण्यासाठी, आणि पुढच्याच क्षणी ती ऊर्जा म्हणजे काय हे मास्तरीणबाईंना मास्तरांपेक्षा जास्त चांगलं कळलं.

झालं असं, की दोघं संध्याकाळची फिरायला निघाली होती. जिन्यात नेहमीसारखा काळोख. मास्तरीणबाईंनी नेहमीसारखा मास्तरांचा हात धरलेला. उतरता उतरता त्या सहज म्हणाल्या, "चढताना कसा दम लागतो, आणि उतरताना काही नाही. गंमतच आहे, नाही?" आता, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसापुढे असं वाक्य टाकणं म्हणजे मांजरासमोर दुधाचं पातेलं उघडं ठेवून पाठ फिरवण्यासारखं आहे. मास्तर जागीच थांबले. त्यांना काहीही समजावून सांगायचं असलं की दोन्ही हात लागतात. एक हात त्यांनी डोक्यावर नेला, ती उंची. दुसरा गुडघ्याशी नेला, ती जमीन. "हे बघ, वर असताना तुझ्यात ऊर्जा साठलेली असते. खाली येताना तिचं रूपांतर..."

रूपांतर झालं. धप्पकन आवाज आला, म्हणजे थोडी ऊर्जा ध्वनीत गेली. बाकीची सगळी घोट्यात.

घोटा टम्म फुगला. डॉक्टरांनी पट्टी बांधली, आठवडाभर पाय वर ठेवायला सांगितला. आठवड्याने सूज उतरली, पण मास्तरीणबाई काही खाली उतरल्या नाहीत. "या जिन्यात उजेड येईपर्यंत मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही," त्यांनी जाहीर केलं.

"अगं, पण पुढच्या रविवारी तुझं गाणं आहे!"

"आहे ना. कोपऱ्यावरच्या सभागृहात आहे. लोक खुर्च्या मांडून बसणार आहेत. आणि मी नाही गेले तर माझ्या जागी ती ग्रंथपालबाई गाणार आहे. तिचा आवाज तुम्ही ऐकलाय."

मास्तरांनी ऐकला होता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मग बघा आता," बाई म्हणाल्या. "हात तुम्ही सोडलात. उजेड तुम्हीच पाडा."

*

त्या जिन्यातल्या काळोखाबद्दल दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. साधा काळोख नव्हता तो. तळमजल्यावरच्या शिंपीणकाकू म्हणायच्या, की कात्री घेऊन बसलं तर त्याचा एक कोट बेतता येईल आणि अस्तराला तुकडा उरेल. पहिल्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहायचे. त्यांच्याकडे येणारे रोगी जिन्यात एकमेकांना धडकायचे आणि काही दात वरपर्यंत पोचण्याआधीच पडायचे, असंही लोक सांगतात. मी स्वतः पाहिलेलं नाही. त्या काळोखात पाहणार कसं?

हा काळोख अध्यक्षांनी घातला होता. अध्यक्ष म्हणजे इमारतीचे अध्यक्ष. बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. वर राहण्यात मान असतो असं त्यांचं मत. निवडून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी शिडी लावून जिन्यातले सगळे बल्ब स्वहस्ते काढले, कापसात गुंडाळले आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केले. "जिना चालायला असतो, वाचायला नव्हे," हे त्यांचं वाक्य. गच्चीच्या दारावर, पाण्याच्या टाकीखाली, त्यांनी एक पाटीही लावली होती: पाणी जपा, आंघोळ मगाने करा.

मास्तर बल्ब मागायला वर गेले.

"मास्तर, तुम्ही शिकलेले माणूस," अध्यक्ष म्हणाले. "बल्ब म्हणजे वीज, वीज म्हणजे मीटर. मीटर फिरवून उजेड कोणीही पाडेल. तुम्ही मीटर न फिरवता पाडा, मी स्वतः खाली येऊन टाळ्या वाजवीन."

"खरंच वाजवाल?"

"दोन्ही हातांनी."

मास्तर खाली आले ते विचार करतच. तोंड धुवायला नळ सोडला, चेहऱ्यावर साबण फासला, आणि तेवढ्यात त्यांना भिंतीतून येणारा आवाज ऐकू आला. रोजचाच आवाज. वरच्या टाकीतून पाणी पाइपातून खळखळत खाली येत होतं. मास्तर साबणासकट बाहेर धावले.

"अगं, पडतंय! दिवसभर पडतंय आणि फुकट पडतंय!"

"काय पडतंय? प्लास्टर?"

"पाणी! गच्चीवरून आपल्या नळापर्यंत. तू पडलीस तसंच!"

"मी फुकट पडले नाही," बाई पायाकडे बघत म्हणाल्या. "आणि तोंड पुसा आधी, जमिनीवर फेस गळतोय."

*

मास्तरांची कल्पना ऐकायला सरळ होती, आणि जी कल्पना ऐकायला सरळ असते ती कुठे वळेल याचा नेम नसतो. इमारतीत मजल्याला एकच बिऱ्हाड. प्रत्येक बिऱ्हाडाचा पाइप टाकीपासून वेगळा निघून जिन्यातूनच खाली आलेला. प्रत्येक पाइपात पंजाएवढं एक चाक बसवायचं, चाकाला जुन्या सायकलचा डायनामो जोडायचा, डायनामोला त्या मजल्यावरचा दिवा. घरात कोणी नळ उघडला की पाणी धावणार, चाक फिरणार, दारासमोर उजेड पडणार. पाणी तर लोक वापरणारच होते. मीटर जागचा हलणार नाही.

प्लंबरला बोलावलं. हा प्लंबर दोनच शब्दांत संसार करणारा होता. कुठल्याही कामाला आधी "होऊन जाईल" म्हणायचा आणि काम झाल्यावर "बघू" म्हणायचा. मास्तरांनी त्याला दोन्ही हात वापरून सगळी योजना समजावली. त्याने चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होऊन जाईल."

"पण गळणार नाही ना कुठे?"

"बघू."

दोन दिवस जिन्यात ठोकाठोक चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी बिऱ्हाडं आपापल्या दारात उभी राहिली. मास्तरांनी आपल्या मोरीतला नळ सोडला. पाइप शहारला, चाक कुरकुरलं, आणि दुसऱ्या मजल्यावर दिवा लागला! शिंपीणकाकूंनी नळ सोडला, तळमजला लखलखला. डॉक्टरांनी चूळ भरली, पहिला मजला उजळला. अध्यक्ष टाळ्यांसाठी हात वर करून उभे होते. त्यांनी आधी आपल्या बायकोला नळ सोडायला सांगितला आणि वर बघितलं.

तिसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला होता. पण लागला होता म्हणजे, आजारी काजवा झोपेत कूस बदलताना जेवढा चमकेल तेवढाच.

अध्यक्षांचे हात तसेच राहिले. "मास्तर, हे काय?"

"दिवा."

"तो शिंपीणकाकूंचा दिवा. हा डाग आहे. माझा एवढा मिणमिणता का?"

मास्तरांना विचारलेला प्रश्न वाया जात नाही. त्यांनी एक हात वर नेला. "ही टाकी. आणि हा," दुसरा हात त्याच्या जरासा खाली, "तुमचा नळ. तुमचं पाणी पडतंच किती? हातभर. शिंपीणकाकूंचं पाणी सगळी इमारत उतरून येतं. जितकी उंची जास्त, तितकी..."

"म्हणजे मी वर राहतो म्हणून मला कमी?"

"निसर्गाचा नियम आहे."

"अध्यक्षाला विचारून केलेला दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि टाळ्या न वाजवता आत गेले.

मास्तर मात्र हरखून बायकोकडे आले. "झाला उजेड! आता उतरशील?"

मास्तरीणबाईंनी दारातून जिन्यात डोकावून बघितलं. दिवा लागला होता खरा. तेवढ्यात मोरीतली बादली भरली म्हणून त्यांनी सवयीने आत जाऊन नळ बंद केला. दिवा विझला.

"बघू," त्या प्लंबरसारख्या म्हणाल्या.

*

पहिली तक्रार डॉक्टरांची आली. "मास्तर, शॉवरला धार येत नाही हो. अंगावर पाणी पडत नाही, नुसता दिलासा मिळतो."

"धार कमी होणारच. तिच्यातली थोडी दिव्यात गेली."

"पण मला दिव्याने आंघोळ करता येत नाही."

"ऊर्जा कुठूनतरी यावीच लागते, डॉक्टर. उजेड हवा तर धार द्यायला हवी." हे मास्तर इतक्या आनंदाने म्हणाले की डॉक्टरांना आपण काहीतरी मिळवल्यासारखं वाटलं आणि ते डोक्यावरचा शाम्पू तसाच घेऊन परत गेले.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. दिवा नळावर लागतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण दिवा सगळं सांगतो, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला आता दर मजल्यावर दिसायचं, की आत कोणीतरी पाणी वापरतंय, आणि किती वेळ वापरतंय.

डॉक्टरांना दुपारी झोपायची सवय. अशा वेळी रोगी आला की ते आवाज न करता पडून राहायचे. रोगी बेल वाजवून वाजवून निघून जायचा. त्या दिवशी गाल सुजलेला एक गृहस्थ असाच पायरीवर बसला होता. आत डॉक्टर उठले, अनवाणी, श्वास रोखून, मांजराच्या पावलांनी मोरीत गेले आणि तोंडावर पाण्याचा हबका मारला.

बाहेर भक्कन उजेड पडला.

"डॉक्टर!" गृहस्थ दारावर मूठ आपटत ओरडला. "तुम्ही नाही, तर हे तोंड कोण धुतंय?"

डॉक्टरांना दार उघडावं लागलं. दाढ काढताना दोघांच्याही डोळ्यांत पाणी होतं, म्हणतात.

शिंपीणकाकूंचं निराळंच. गिऱ्हाइकाला "तुमचंच झंपर शिवतेय, मशीनवरून उठले नाही सकाळपासून" म्हणायच्या, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "काकू, दाराशी अर्धा तास दिवा जळत होता. मशीन पाण्यावर चालतं का?"

पण या सगळ्यांवर कडी केली ती तिसऱ्या मजल्यावरच्या काजव्याने. तो मंद होता, पण विझेचना. सकाळी लागला की लोक न्याहारी करायचे, वर्तमानपत्र वाचायचे, घर झाडून व्हायचं, तरी वर आपला टिमटिम टिमटिम. तिसऱ्या दिवशी शिंपीणकाकू कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाल्या आणि तिसऱ्या मजल्यावर थबकल्या. आतून पाण्याचा आवाज येत होता, आणि त्यावर तरंगत अध्यक्षांचं गुणगुणणं.

"अहो मास्तर," त्या कठड्यावरून खाली ओरडल्या, "मगाने आंघोळ करताना माणूस पोहतो का हो?"

अध्यक्षांकडे टब होता. पांढराशुभ्र, हातपाय पसरून झोपता येईल एवढा. वर्षानुवर्षं तो दाराआड, पाटीच्या खाली, सुखाने भरत होता. आता सगळ्या इमारतीला कळलं. दुपारपर्यंत पाटीवरच्या "मगाने" या शब्दाखाली कोणीतरी खडूने छानशी रेघ ओढून ठेवली.

*

इथून पुढे मास्तरांच्या विज्ञानात न बसणारी एक ऊर्जा कामाला लागली. तिचं नाव लाज. धक्का न मारता माणूस हलवणारी दुसरी शक्ती मला तरी माहीत नाही.

अध्यक्षांनी ठरवलं, की आपल्या दाराशी दिवा म्हणून लागू द्यायचा नाही. पण टब सोडवेना. मग त्यांनी नोकराकरवी, शिंपीणकाकूंची नजर चुकवून, तळमजल्यावरच्या त्यांच्या अंगणातल्या नळावर बादल्या भरायला सुरुवात केली. पाणी अध्यक्षांचं, दिवा काकूंच्या नावावर. काकूंना ते कळल्यावर त्या आपलं भांडं घेऊन डॉक्टरांकडे जाऊ लागल्या: "एवढी कळशी भरून घेते हं डॉक्टर, आमच्या नळाला गढूळ येतंय." डॉक्टर रोग्यांच्या भीतीने मास्तरांकडे दाढी करायला येऊ लागले. मास्तरांना वाटलं, शेजारधर्म वाढला.

प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराशी उजेड पाडायला धावत होता, म्हणजे भरलेली बादली घेऊन परत जाताना आपापल्या मजल्यावर काळोखच. काळोखात बादल्या. बादल्यांतून पाणी हिंदकळलेलं. एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्यात प्लंबरचं "बघू" आता चाकांच्या जोडांतून थेंब थेंब गळायला लागलं होतं.

शनिवारी मास्तरीणबाईंनी दार उघडलं, पायाचा अंगठा पुढे करून पहिली पायरी चाचपली आणि अंगठा मागे घेतला. त्याला पाणी लागलं होतं.

"अहो," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "आधी नुसता काळोख होता. आता त्याला निसरडंही केलंत."

निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच मास्तरांचे दोन्ही हात मांडीवर गप्प पडून होते. आतल्या खोलीत बाई उद्याचं गाणं हळू आवाजात घोळवत होत्या. दुसऱ्या कडव्याशी येऊन त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ग्रंथपालबाईला निरोप धाडायला हवा. तालीम करून ठेवू दे बिचारी."

तेव्हा मात्र मास्तर उठले.

*

ते दारोदार गेले. शिंपीणकाकूंना म्हणाले, "उद्या दिवेलागणीला फक्त पाच मिनिटं. सगळ्यांनी एकदमच नळ सोडायचे, म्हणजे कोण काय करतंय हा प्रश्नच नाही. ती खाली उतरेपर्यंत." काकू लगेच तयार झाल्या, त्यांनाही गाणं ऐकायचं होतं. जिना पुसायचं कामही त्यांनी अंगावर घेतलं. डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे शॉवर, मोरी, स्वयंपाकघर, तिन्ही सोडतो. बादल्या लावतो खाली, पाणी वाया नको." मास्तरांना भरून आलं.

अध्यक्षांकडे जायची खरं तर गरज नव्हती. बाई दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणार. तिसऱ्या मजल्यावर उजेड असला काय नि नसला काय. पण न विचारावं तर माणूस आधीच दुखावलेला. मास्तर वर गेले आणि म्हणाले, "तुमच्या दिव्याशिवाय शोभा नाही."

अध्यक्षांचा चेहरा पहिल्यांदा फुलला. "किती उजळेल?"

"तुम्ही जितकं पाणी सोडाल तितका."

हे वाक्य मास्तरांनी बोलायला नको होतं.

रविवारी संध्याकाळी मास्तरीणबाई नटून दारात उभ्या राहिल्या. पुसलेला जिना खाली गुडूप अंधारात. मास्तरांनी घसा खाकरून आवाज दिला, "सोडा!" आणि चारी मजल्यांवर पाणी धावलं. तळमजला पेटला, पहिला पेटला, दुसरा पेटला, आणि तिसऱ्यावर, अहो आश्चर्य, काजव्याचा चक्क कंदील झाला! अध्यक्षांनी टबाचे दोन्ही नळ, शॉवर, मोरी, स्वयंपाकघर, गच्चीकडच्या गॅलरीतला नळ, जे जे म्हणून फिरतं ते ते सगळं उघडलं होतं आणि स्वतः दारात येऊन दिव्याखाली उभे राहिले होते. बाईंनी पदर सावरला, पाऊल उचललं...

चारी दिवे एकदम पिवळे पडले, तांबूस झाले, आणि गेले. पाइपातून ढेकर दिल्यासारखा आवाज आला.

"टाकी संपली," डॉक्टर काळोखातून म्हणाले.

"एवढ्यात?" मास्तर म्हणाले. "अध्यक्ष, पंप लावला नव्हता का दुपारी?"

"वीज जाते पंपाला," वरून आवाज आला. "मी बचत करत होतो."

पंपाच्या खोलीची किल्ली अध्यक्षांकडेच असायची. ते भिंतीला धरून, प्रत्येक पायरीला काहीतरी पुटपुटत, सगळा जिना उतरून खाली गेले. पंप घुरघुरला. वर टाकीत पाणी पडू लागलं, नळ उघडेच होते, चाकं फिरली, आणि दिवे पुन्हा लागले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांना राहवेना. त्यांचे हात आपोआप वर गेले.

"बघा, काय सुंदर साखळी आहे! वीज पंपात येते. पंप पाणी वर नेतो, म्हणजे विजेची झाली उंचीवरची ऊर्जा. पाणी खाली येतं, तिचं झालं गतीत रूपांतर. गती चाकाला मिळते, चाकातून पुन्हा तयार होते..."

मास्तर थांबले. एक हात वर, एक हात खाली.

"काय तयार होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"वीज," मास्तर अगदी बारीक आवाजात म्हणाले.

फक्त पंप बोलत होता, आणि त्याचा मीटर भिंगरीसारखा फिरत होता. मग सगळ्यांच्या माना हळूहळू खाली पंपाच्या खोलीच्या दाराशी उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे वळल्या.

"माझ्या कपाटाकडे बघू नका," अध्यक्ष म्हणाले. कपाट खरं तर तीन मजले वर होतं.

*

"ते उद्या बघता येईल," मास्तर स्वतःला सावरत म्हणाले. "आत्ता उजेड आहे ना? जा तू, वेळ झाली. लख्ख आहे सगळं. सावकाश उतर."

"आणि तुम्ही?"

"मी कसा येणार? इथे बादल्या बदलायला कोणीतरी हवं. नळ चालू आहे तोवर दिवा. तू खाली पोचलीस की मी बंद करतो. परत येताना हाक मार, पुन्हा सोडतो."

"म्हणजे तुम्ही गाणं ऐकायला येणार नाही."

"अगं, उजेड कोण पाडणार?"

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग चपला काढल्या, आत गेल्या, मोरीतला नळ घट्ट पिळला, आणि बाहेर येऊन पुन्हा चपला घातल्या. दुसऱ्या मजल्यावर काळोख झाला.

"आता?" काळोखातून त्यांचा आवाज आला. "आता तरी हात द्याल की अजून काही समजावून सांगायचंय?"

मास्तरांनी काही समजावलं नाही. त्यांनी हात चाचपडत पुढे केला. तो सापडायला वेळ लागला नाही. तो तिथेच होता.

पहिल्या मजल्यावर डॉक्टर दारात. "वहिनी, मलाही यायचंय हो. पण नळ उघडे टाकून घर कसं सोडू?"

"मग बंद करा आणि चला."

डॉक्टरांनी तिन्ही नळ बंद केले आणि काळोखात मास्तरांचा सदरा धरला. खाली शिंपीणकाकूंनी आपला नळ बंद केला आणि त्या आल्या. राहिले अध्यक्ष. सगळे सभागृहात आणि आपण एकटेच घरी, हे त्यांना परवडणारं नव्हतं. ते पंप बंद करून आपले नळ बंद करायला परत वर गेले आणि मग आपण स्वतः घातलेल्या काळोखातून, पहिल्यांदाच घाईघाईने, खाली यायला निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे प्लंबरचं "बघू" नुकतंच नव्याने गळलं होतं.

धप्पकन आवाज आला. अध्यक्षांचा आवाज मास्तरीणबाईंपेक्षा मोठा झाला, कारण ते वजनाने जास्त होते. हे मास्तरांनी ताबडतोब सांगितलं असतं, पण त्यांचा एक हात गुंतलेला होता.

गाणं उत्तम झालं. अध्यक्षांनी ते उभ्याने ऐकलं. त्यांना बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं, कापूस उलगडला, आणि चारी मजल्यांवर बल्ब आले. चाकं काढून प्लंबरने नेली. "पुन्हा कधी लावायची झाली तर?" मास्तरांनी विचारलं. "होऊन जाईल," तो म्हणाला.

आता तो जिना लखलखीत असतो. फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या बल्बाचं काही कळत नाही. दिवसभर नीट असतो, आणि संध्याकाळी दोघं फिरायला निघाली की नेमका सैल होऊन विझतो. मास्तरांनी त्यावर बराच विचार केला आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे एक कारण असू शकतं. जिन्यातल्या पावलांची कंपनं, हे दुसरं. ते रोज उतरताना बायकोला दोन्ही कारणं समजावून सांगतात, आणि आता एकाच हाताने.

मास्तरीणबाई लक्ष देऊन ऐकतात आणि मोकळ्या हाताच्या बोटांवरची धूळ हळूच पदराला पुसतात.